ग्रीक अक्षरांची भावंडं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

"मामू, मुबारकबाद दे! एका दिवसात मला सत्तर बहिणी झाल्या."

२०२३ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. रात्री जेवण उरकून बसलो होतो आणि अमेरिकेहून भाचीचा फोन आला. माझी धाकटी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि तिथंच रुजली. तिची ही एकुलती एक लेक पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. सख्खं भावंड एकही नाही, तर या सत्तर बहिणी कुठून आल्या? ती हसत म्हणाली, "मी सोरोरिटीत गेले, मामू!"

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. आवाज रडवेला. "भाई, तू समजाव तिला. तिथं असल्या मंडळांत पोरांचे जीव गेलेत. तिला म्हणावं, सोड ते. तुझं ती ऐकते."

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. सोरोरिटी हा शब्द तोवर माझ्या कानावरही नव्हता. पण ज्याचा सल्ला मागितला जातो त्यानं आधी गोष्ट समजून घ्यावी, म्हणून मी वाचू लागलो, भाचीला प्रश्न विचारून भंडावू लागलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो. प्रश्न अमेरिकेतल्या मुलामुलींचा असला, तरी त्याचं टोक पार माझ्या स्वतःच्या होस्टेलच्या खोलीपर्यंत येऊन टोचलं, हेही सांगणार आहे.

फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुमंडळ आणि सोरोरिटी म्हणजे भगिनीमंडळ. भाऊ आणि बहीण यांच्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दांवरून ही नावं आली. नावं लॅटिन असली, तरी दारावरच्या पाट्या मात्र ग्रीक. अल्फा, बीटा, डेल्टा, सिग्मा अशी दोन-तीन अक्षरं जोडून प्रत्येक मंडळाचं नाव बनतं. म्हणून अमेरिकेत या सगळ्या व्यवहाराला नुसतं 'ग्रीक लाइफ' म्हणतात. ग्रीस देशाशी त्याचा तेवढाच संबंध.

ही रीत जुनी आहे. १७७६ सालच्या जुलैत अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅप्पा' नावाचं मंडळ काढलं. ही तीन अक्षरं म्हणजे एका ग्रीक वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं. ज्ञानाची ओढ हीच आयुष्याचं सुकाणू धरते, असा त्याचा भावार्थ. ते मंडळ पुढं हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था झालं. पण आद्याक्षरांचं नाव, आत घेताना करायचा विधी, आपसातलं भाऊपण ही चौकट तिथून इतरांनी उचलली. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ साली 'कॅप्पा अल्फा' निघाली आणि आजच्या धर्तीच्या फ्रॅटर्निट्यांची परंपरा सुरू झाली.

मुली कॉलेजात आल्या त्या नंतर. वर्गात मूठभर, आणि सगळ्यांना हव्याशा वाटणाऱ्या नव्हेत. १८६७ साली इलिनॉयमधल्या मॉन्मथ कॉलेजच्या बारा मुलींनी एकत्र येऊन जे मंडळ काढलं, ते आज 'पाय बीटा फाय' म्हणून ओळखलं जातं. गंमत अशी, की तेव्हा मुलींच्या मंडळांनाही फ्रॅटर्निटीच म्हणत. सिराक्यूज युनिव्हर्सिटीतल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांना ते खटकलं आणि १८८२ साली त्यांनी तिथल्या 'गॅमा फाय बीटा'च्या मुलींसाठी सोरोरिटी हा शब्द घडवला. एका भाषाशिक्षकानं घडवलेला शब्द देशभर रुळला, याचं मला कवी म्हणून कौतुक वाटतं.

आत कसं जायचं? त्याला 'रश' म्हणतात. काही दिवस मुली एकेका मंडळाच्या भेटीला जातात, गप्पा होतात. मग दोन्ही बाजू आपापली पसंती कळवतात आणि जुळलं की आमंत्रण मिळतं. भाची म्हणाली, "मामू, मुलगी बघायला येतात ना, तसंच समज. फक्त इथं दोघांनाही 'नाही' म्हणता येतं." आत गेल्यावर वरच्या वर्गातली एक मुलगी 'मोठी बहीण' म्हणून मिळते. दर आठवड्याला बैठक, ठरलेली वर्गणी, एकत्र अभ्यासाचे तास. मार्क घसरले तर मंडळातूनच कान उपटले जातात. शरद ऋतूत फुटबॉलच्या मोठ्या सामन्याआधी मिरवणूक निघते, तिच्यासाठी मंडळं रात्र रात्र जागून चित्ररथ सजवतात. आपल्याकडं गणपतीच्या मंडपामागं जो गोंधळ, चहा आणि डिंकाचा वास असतो, अगदी तेच दृश्य मला तिच्या फोटोंत दिसलं.

इथवर सगळं गोड आहे. पण भाऊपण म्हटलं की कोण भाऊ आणि कोण नाही, हे ठरवणं आलंच. कित्येक मोठ्या फ्रॅटर्निट्यांच्या घटनेतच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहिलेलं होतं, की सभासद गोराच हवा. मग ज्यांना दार बंद होतं त्यांनी आपापली घरं बांधली. १९०६ साली कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' सुरू केली. मूळ कारण अगदी साधं होतं. आधीच्या वर्षी शिकणारी काही कृष्णवर्णीय मुलं परतलीच नव्हती. एकटी पडलेली मुलं गळतात, म्हणून एकमेकांना धरून अभ्यास करायचा. मार्टिन ल्यूथर किंग याच मंडळाचे सभासद. वॉशिंग्टनमध्ये २०११ साली त्यांचं जे स्मारक लोकार्पण झालं, त्याची कल्पना मांडून पाठपुरावा केला तो या मंडळानंच. योगायोग पाहा, १९०६ सालीच आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या पुढाकारानं मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. हेतू सारखाच, गावाकडून आलेलं पोर शहरात एकटं पडून शिक्षण सोडू नये.

कृष्णवर्णीय मुलींची 'अल्फा कॅप्पा अल्फा' १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत निघाली. अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस १९८६ साली तिथं शिकत असताना याच सोरोरिटीत गेल्या. या मंडळाचं एक काम वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसलो. १९३५पासून पुढची काही वर्षं या भगिनी उन्हाळ्यात मिसिसिपीत आरोग्य शिबिरं घेत. त्यांत डॉक्टर होत्या, नर्स होत्या, शिक्षिका होत्या. कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना दवाखान्यात जाऊ देत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी आपल्या मोटारींतूनच दवाखाना थेट शेताच्या बांधावर नेला. मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या. कॉलेजात एकमेकींना बहीण म्हटलं होतं, ते नातं त्यांनी मळ्यापर्यंत नेलं. तिसऱ्या एका मंडळाची, 'डेल्टा सिग्मा थीटा'ची, स्थापना १९१३च्या जानेवारीत झाली आणि मार्चमध्ये त्या बावीस मुलींचं मंडळ स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालत होतं.

आपली मुलंही यात मागं नाहीत. भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९४ साली बिंगहॅम्टनला 'आयोटा न्यू डेल्टा' काढली. अक्षरं जोडा, 'इंड' होतं. १९९८ साली ह्यूस्टनला मुलींची 'डेल्टा फाय ओमेगा' निघाली. आणि २०१३ साली टेक्ससमधल्या डॅलस इथं मुस्लिम मुलांनी फ्रॅटर्निटी सुरू केली, 'अल्फा लॅम्डा म्यू'. हे नाव वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. अलिफ, लाम, मीम! कुराणातल्या सहा सुरांची सुरुवात या तीन अक्षरांनी होते आणि त्यांचा अर्थ अल्लाहच जाणे, असं भाष्यकार सांगत आले. ग्रीक मंडळंही आपल्या अक्षरांचा अर्थ बाहेरच्याला सांगत नाहीत. पोरांनी काय सांधा साधलाय! या मंडळात दारूला जागा नाही, हे मी बहिणीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "ते डॅलसला, भाई. माझी मुलगी पेनसिल्व्हेनियात आहे."

तिचं खरं होतं. त्याकडं येतो. त्याआधी ही मंडळं बाहेरच्यांसाठी काय करतात, ते थोडं आणखी सांगतो, कारण वर्षाचा बराच वेळ त्यातच जातो. जवळजवळ प्रत्येक मंडळानं एकेक काम वाटून घेतल्यासारखं निवडलेलं असतं. 'पाय बीटा फाय'नं १९१२ साली टेनेसीच्या डोंगरात गॅटलिनबर्ग गावी शाळा काढली. तिथल्या विणकाम-हस्तकलेतून पुढं मोठी कलाशाळा उभी राहिली. 'डेल्टा गॅमा'च्या मुली अंध आणि अधू दृष्टीच्या लोकांसाठी काम करतात. 'कॅप्पा अल्फा थीटा'नं कोर्टाच्या फेऱ्यांत अडकलेल्या, घर हरवलेल्या मुलांची बाजू मांडणाऱ्या स्वयंसेवकांना पाठबळ दिलं. आपल्याकडं १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांनी तिच्या शिबिरात बंधारे बांधले, शोषखड्डे खणले. ती योजना सरकारनं आणली. तिथं हेच काम मंडळांनी आपल्या भाऊपणाला जोडून घेतलं, एवढा फरक.

आता बहिणीच्या भीतीकडं येऊ. नव्या सभासदाची परीक्षा घेण्याच्या नावाखाली तिथं जो छळ चालतो त्याला 'हेझिंग' म्हणतात. आपला शब्द रॅगिंग. माझी भाची जिथं शिकते त्याच विद्यापीठात २०१७च्या फेब्रुवारीत एका फ्रॅटर्निटीच्या घरात एकोणीस वर्षांच्या मुलाला, तो नवा म्हणून, भराभर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेलं होतं. सगळे त्याला भाऊ म्हणणारे. तरी सकाळ उजाडून बराच वेळ होईपर्यंत मदतीसाठी फोन केला गेला नाही. दोन दिवसांनी तो गेला. विद्यापीठानं ती शाखा कायमची बंद केली. राज्यानं २०१८ साली त्या मुलाच्या नावानं कडक कायदा केला. २०२४च्या २३ डिसेंबरला सगळ्या देशासाठी कायदा झाला. आता प्रत्येक विद्यापीठाला हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात आणि त्या रोखण्याचं शिक्षणही द्यावं लागतं.

आपल्याकडंही कायदा आहे. महाराष्ट्रानं १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश नाही. २००९पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले आणि मुलगा व पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जाऊ लागलं. पण माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

१९८६ साल. मी एका शहरातल्या होस्टेलात राहायला गेलो. नाव सांगत नाही. पहिल्याच आठवड्यात रात्री बाराला दारावर थाप पडली. वरच्या वर्गातली मुलं आम्हा नव्यांना एका खोलीत घेऊन गेली. माझ्या ट्रंकेतली कवितांची वही कुणीतरी आधीच काढून आणली होती. मला खाटेवर उभं केलं आणि प्रत्येक ओळीनंतर कोंबड्यासारखं आरवत ती वही वाचायला लावली. त्यात एक कविता नुकत्याच वारलेल्या माझ्या दादीवर होती. तीही वाचली. तसंच आरवत. त्यानंतर दोन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही.

हे मी मित्रांना पूर्वी सांगितलंय. पुढचं आज पहिल्यांदा सांगतो. पुढल्या वर्षी नवी मुलं आली तेव्हा त्या खोलीत मीही होतो. भिंतीला टेकून उभा. मी कुणाला हात लावला नाही, कुणाला काही करायला सांगितलं नाही. मी फक्त हसलो. सोलापूरकडचा एक मुलगा सारखा माझ्याकडं बघत होता. मी तरी थांबवीन, असं त्याला वाटत असावं. मी नजर फिरवली. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आलाच नाही. शिकला की नाही, ठाऊक नाही.

मी का हसलो? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की भीतीनं. भाचीच्या निमित्तानं हे सगळं वाचताना कळलं, की ते अर्धंच खरं होतं. त्या हसण्यानं मी त्यांच्यातला झालो होतो. आपण जी किंमत मोजली, ती दुसऱ्याकडून वसूल झाली की आपली फुकट गेली नाही असं वाटतं. छळ एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडं जातो तो याच वाटेनं. कुठल्याही मंडळात, संघटनेत, होस्टेलात शिरताना काहीतरी द्यावं लागतं, त्यावाचून आपलेपणा येत नाही. पण ते अपमानाच्या रूपात मागायचं की कामाच्या, हे जुन्यांच्या हाती असतं. ज्या मंडळाकडं नव्याला द्यायला चांगलं काम नसतं, त्याच्याकडं त्याला छळायला वेळ भरपूर असतो. अर्थात काम पुण्याचं असलं म्हणून पहारा ढिला करून चालत नाही. पेनसिल्व्हेनियात तो मुलगा गेला त्याच महिन्यात, त्याच विद्यापीठात, याच मंडळांनी कर्करोगग्रस्त मुलांसाठी लाखो डॉलर गोळा केले होते. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या, हे विसरू नये.

त्या निधीसंकलनाचं नाव 'थॉन'. १९७३ साली तिथल्या फ्रॅटर्निट्यांनी नाचाची मॅरेथॉन म्हणून ते सुरू केलं. पहिल्या वर्षी दोन हजार डॉलरांच्या आसपास जमले. १९७७पासून सगळा पैसा 'फोर डायमंड्स' या निधीला जातो. त्याची कथा अशी. ख्रिस्तोफर मिलार्ड नावाचा मुलगा १९७२ साली, चौदाव्या वर्षी, कर्करोगानं गेला. जाण्याआधी त्यानं एक गोष्ट लिहिली होती. तिच्यातला सरदार चार हिरे शोधत फिरतो. धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ. त्याच्या आईवडिलांनी त्या गोष्टीच्या नावानं निधी काढला. हर्शी गावच्या मुलांच्या इस्पितळात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या कुटुंबांचा विम्याबाहेरचा खर्च त्यातून भागतो. आता मंडळांबाहेरचे विद्यार्थीही थॉनमध्ये असतात. आजवर वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आहे. चौदा वर्षांच्या मुलानं लिहिलेल्या चार पानांनी एवढं केलं, यापुढं आमच्या कवितासंग्रहांनी मान खाली घालावी.

थॉनचा नियम असा, की नाचणाऱ्यानं सलग ४६ तास बसायचं नाही आणि झोपायचं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत माझी भाची नाचणाऱ्यांत होती. तिथं शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू झालं तेव्हा आपल्याकडं शनिवारची पहाट, साडेचार वाजलेले. फजरच्या अजानला अजून वेळ होता. मी लेकाचा संगणक लावून बसलो. भलंमोठं सभागृह, हजारो मुलं, मधोमध नाचणारे. दर तासाला सगळ्यांनी मिळून एक ठरलेला नाच करायचा, म्हणजे डोळा लागत नाही. पाय सुजले की सोबतीला नेमलेली मुलं चोळून देतात. उपचार घेऊन बरी झालेली मुलं तिथं येतात, नाचणाऱ्यांच्या खांद्यावर बसतात. शेवटच्या दिवशी कुटुंबं मंचावर येऊन बोलतात. ज्यांचं मूल वाचलं ती बोलतात आणि ज्यांचं नाही वाचलं तीही.

सोमवारी आपल्याकडं रात्रीचे अडीच वाजता ते संपलं. मुलांनी एकेक आकडा डोक्यावर धरला. १ कोटी ७७ लाख डॉलर. त्याच क्षणी बहिणीचा फोन. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाई, ती बसली नाही रे. एकदाही बसली नाही." रमजान आठवड्यावर आला होता. मी म्हटलं, "रोजे कसे धरायचे हे तिला आता शिकवायला नको."

दोन दिवस झोपून उठल्यावर भाचीचा फोन आला. मी तिला पहिल्यापासून टोचत असलेला प्रश्न सरळ विचारला. "बेटा, खरं सांग. तुला आत घेताना काय करायला लावलं? आणि आता तू नव्यांना काय करायला लावतेस?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, अम्मीनं तुला हेच विचारायला सांगितलंय ना? पहिल्या शनिवारी मला सकाळी आठला उठवलं. चारशे पाकिटांवर पत्ते लिहायचे होते, निधीच्या आवाहनाचे. माझी मोठी बहीण शेजारी बसून लिहीत होती. यंदा माझ्या हाताखाली आलेली मुलगी विचारत होती, मला काय सिद्ध करायचंय? मी म्हटलं, काही नाही. शनिवारी ये, पेन घेऊन ये."

मी बहिणीला सांगितलं, राहू दे तिला तिथं. पण डोळे उघडे ठेव, आणि तिला सांग, कुठल्याही रात्री मन नाही म्हणालं तर उठून यायचं, सत्तर बहिणी रागावल्या तरी.

श्रोतेहो, पावसाळा सुरू झाला की आपली होस्टेलं भरू लागतात. ट्रंकेत वही लपवून आणणारं एखादं पोर याही वर्षी येणारच. वरच्या वर्गातल्या मुलांना माझं एवढंच सांगणं, त्याला मध्यरात्री उठवू नका. सकाळी उठवा आणि सोबत कामाला घेऊन जा.